गेम लँड्सवर हरणाची शिकार: परवान्यापासून फ्रीझरपर्यंत, चुकू नये असा क्रम

हरीण खाली पडलं. आता पहिलं काम कोणतं? पहिल्यांदा शिकारीला येणाऱ्या मराठी मित्रांना मी हे दर वर्षी विचारतो. बहुतेकांचं उत्तर एकच असतं: "आधी ओढत गाडीपर्यंत नेऊ, टॅग वगैरे नंतर बघू." टॅग म्हणजे परवान्याबरोबर मिळणारी, माहिती भरून मारलेल्या हरणाला बांधायची कागदी चिठ्ठी. पेनसिल्व्हेनियात हा क्रम कायद्याने चुकीचा आहे. पहिल्या वर्षी मीही हरणाचे मागचे पाय धरून ओढायला लागलो होतो. सोबतच्या वयस्कर शिकाऱ्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "पेन काढ."

या लेखात पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनच्या (राज्याच्या शिकार आणि वन्यजीव खात्याच्या) स्टेट गेम लँड्सवर, म्हणजे शिकारीला खुल्या सरकारी जमिनींवर, आणि त्यांच्या आसपास व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणाची शिकार कशी करायची, ते क्रमाने सांगितलं आहे. भर बंदुकीच्या हंगामावर आहे, कारण फिलाडेल्फियाच्या उपनगरांतून, न्यू जर्सीतून आपले लोक याच हंगामात पहिल्यांदा येतात. राज्यभर मिळून अंदाजे १५ लाख एकर गेम लँड्स आहेत आणि परवानाधारक शिकाऱ्याला तिथे जायला वेगळं शुल्क नाही. नियम मात्र बरेच आहेत आणि त्यांतले काही दर वर्षी बदलतात. परवान्याबरोबर मिळणारी त्या वर्षाची नियमपुस्तिका हातात ठेवूनच पुढचं वाचा.

सावधान: हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे. इथे मिळालेली शिंगं आठवण म्हणून गावी न्यायच्या फंदातही पडू नका. चितळाची की व्हाइटटेलची, हे विमानतळावर समजावत बसायची वेळ येईल.

टप्पा १: आधी कागद, मग बंदूक

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. लोक आधी बंदूक बघायला दुकानात जातात. क्रम असा ठेवा.

१. हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स. पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला तो करावाच लागतो. १६ वर्षांवरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. दुसऱ्या राज्याचं प्रमाणपत्र असेल तर तेही चालतं.

२. परवाना. वर्ष १ जुलै ते ३० जून. साध्या परवान्यात एका शिंगवाल्या नराचा टॅग येतो. धनुष्यबाणाचा आणि मझललोडरचा (नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकीचा) परवाना वेगळा.

३. मादीसाठी, म्हणजे बिनशिंगी हरणासाठी, वेगळा परवाना. तो एका ठरावीक वाइल्डलाइफ मॅनेजमेंट युनिटपुरताच, म्हणजे राज्याच्या एका शिकार विभागापुरताच, असतो. एका युनिटचा टॅग शेजारच्या युनिटमध्ये चालत नाही, मग दोन्ही जागा एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना का असेनात. काही युनिटांचे टॅग उन्हाळ्यातच संपतात. ऑक्टोबरमध्ये आठवण झाली तर हात रिकामेच राहतात.

४. बंदूक सगळ्यांत शेवटी.

हा क्रम एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्यांसाठी तर फारच महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. याला एक अपवाद आहे: त्याच्याकडे कुठल्याही राज्याचा मुदतीतला शिकार परवाना असेल तर बाळगता येतं. म्हणजे परवाना नसताना मित्राची रायफल रेंजवर "जरा चालवून बघणं" हासुद्धा धोका आहे. अपवाद परवान्याच्या मुदतीबरोबर संपतो, हे तर अनेकांना माहीतच नसतं. ३० जूनला परवाना संपला, नवा घेतला नाही आणि रायफल कपाटात तशीच राहिली, तर १ जुलैपासून तुम्ही कायद्याच्या चुकीच्या बाजूला आहात. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्यांना ही अट नाही. व्हिसावर असाल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा. ती फी वाया जात नाही. धनुष्यबाणाला हा केंद्रीय नियम लागू नाही, त्यामुळे माझ्या ओळखीचे काही जण ग्रीन कार्ड मिळेपर्यंत धनुष्यबाणावरच राहिले.

तपासा: परवाना, नराचा टॅग, मादीचा टॅग, त्यावरचं युनिट आणि हंगामाच्या तारखा. परवाना फोनवर दाखवता येत असला, तरी टॅग कागदी लागतात. झिपलॉक पिशवीत बॉलपेन घालून ठेवा. जेल पेनची शाई ओल्या कागदावर पसरते.

रविवारबद्दल: पेनसिल्व्हेनियातली रविवारच्या शिकारीची जुनी बंदी २०२५ मध्ये कायद्याने उठली. पण याचा अर्थ प्रत्येक रविवार खुला असा नाही. कोणते रविवार खुले, ते गेम कमिशन ठरवतं. पुस्तिकेत बघा.

टप्पा २: जागा, हत्यार आणि हद्द

गेम लँड्सना नंबर असतात. डॉफिन आणि लेबनन काउंटीतल्या स्टोनी व्हॅलीची २११ नंबरची गेम लँड्स पसरलेली आणि डोंगराळ आहे. मनरो काउंटीतली १२७ न्यू जर्सीकरांना जवळ पडते. बक्स काउंटीतल्या हेकॉकची १५७ फिलाडेल्फियावाल्यांच्या दारातच आहे.

दाराशी असलेल्या या जागेतच एक सापळा आहे. बक्स, माँटगोमेरी, चेस्टर, डेलावेअर आणि फिलाडेल्फिया या आग्नेय काउंट्यांत खास नियम लागतात. तिथे हरणासाठी सेंटरफायर रायफल (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात करून पेटवणारी, .३०८ सुद्धा त्यातलीच) चालत नाही. शॉटगन, मझललोडर किंवा धनुष्यबाणच लागतो. चेस्टर काउंटीतल्या एक्झ्टनला राहणारा माणूस .३०८ रायफल विकत घेतो, घराजवळची गेम लँड्स नकाशावर शोधतो, आणि ती रायफल तिथे नेताच येत नाही हे त्याला हंगामाच्या आदल्या आठवड्यात कळतं. म्हणून जागा आधी ठरवा आणि हत्यार त्यानुसार घ्या.

आता हद्द. गेम लँड्सची सीमा झाडांवरच्या पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यांनी आणि पाट्यांनी दाखवलेली असते. जांभळा रंग दिसला तर तिथेच थांबा. २०२० पासून पेनसिल्व्हेनियात बहुतेक काउंट्यांत झाडावरचा जांभळा उभा पट्टा म्हणजे "खाजगी जमीन, प्रवेश बंद", पाटी असो वा नसो. हा पट्टा जमिनीपासून ३ ते ५ फूट उंचीवर असतो. पहाटेच्या अंधारात लाल हेडलॅम्पच्या उजेडात तो काळपट दिसतो आणि नजरेतून सुटतो. म्हणून हद्दीची बाजू दिवसा चालून पाहिल्याशिवाय तिकडे अंधारात जाऊ नका.

तिसरी रेषा डोळ्यांना दिसत नाही. कुठल्याही राहत्या इमारतीपासून १५० यार्ड, म्हणजे सुमारे १३७ मीटर, हा सेफ्टी झोन आहे. घरमालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या आत बंदुकीने शिकार करता येत नाही, तुम्ही उभे असलेली जमीन सरकारी असली तरीही. धनुष्यबाणासाठी हे अंतर ५० यार्ड आहे. गेम लँड्सच्या कडेला घरं झाली आहेत तिथे हद्दीच्या आतल्या बऱ्याच एकरांवर त्यामुळे शिकार करता येत नाही. ऑनएक्ससारखं अॅप जमिनीची मालकी दाखवतं. हे अंतर तुम्हाला स्वतः मोजावं लागतं.

शेजारच्या शेतकऱ्याला हंगामाच्या महिनाभर आधी भेटा. शिकारीची परवानगी मागायची नसली तरी भेटा. "माझं जखमी हरीण तुमच्या हद्दीत आलं तर आत येऊ का?" एवढंच विचारा. आपल्याकडे बांधावरच्या शेजाऱ्याशी जशी ओळख ठेवतो, तशीच. रक्ताचा माग त्याच्या कुंपणापाशी पोचल्यावर अनोळखी दार वाजवणं वेगळं आणि ओळखीच्या माणसाला फोन लावणं वेगळं.

टप्पा ३: पाहणी

ऑक्टोबरमध्ये निदान दोन शनिवार चाला. बंदूक नको. नकाशा, पाणी आणि केशरी टोपी घ्या, कारण त्या वेळी धनुष्यबाणवाले आणि लहान प्राण्यांचे शिकारी जंगलात असतात.

काय शोधायचं? ताज्या लेंड्या, ओल्या मातीतली खुरं, आणि नराने शिंगं घासून साल खरवडलेली हाताएवढ्या जाडीची झाडं. खुरांनी पाला बाजूला सारून उकरलेल्या जागाही बघा. त्यांच्या वर बहुतेक वेळा चघळलेली एक खाली आलेली फांदी असते. नर माजावर आल्याच्या या खुणा आहेत. माजाचा जोर नोव्हेंबरच्या मध्याला असतो आणि बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरअखेरच्या) शनिवारी सुरू होतो. त्यामुळे ऑक्टोबरच्या खुणांवरच मचाण बांधून बसलात तर नर तिथून कधीच निघून गेलेला असतो. तोपर्यंत हरणं दोनच गोष्टींच्या मागे असतात, खाणं आणि लपणं. खाणं म्हणजे पांढऱ्या ओकखाली पडलेली एकॉर्न. लपणं म्हणजे माउंटन लॉरेलची दाट झुडपं आणि काही वर्षांपूर्वी तोडलेल्या, आता छातीपर्यंत वाढलेल्या जंगलाचे पट्टे.

सरकारी जमिनीवर हरणांइतकीच माणसांची पाहणी करावी लागते. ही गोष्ट मला उशिरा कळली. पार्किंगच्या जागा नकाशावर मांडा. प्रत्येकीपासून अर्ध्या मैलाचं वर्तुळ काढा. पहिल्या दिवशी बहुतेक शिकारी त्या वर्तुळात असतात. सकाळी सातपासून ते हलायला लागले की हरणं त्यांच्यापासून दूर सरकतात. कुठल्या सोंडेवरून, कुठल्या खिंडीतून, कुठल्या ओहळाच्या काठाने? तिथे बसायचं. जुन्या मराठीत याला हाक्याच्या तोंडावर बसणं म्हणता येईल. फरक एवढाच की हाका घालणाऱ्यांना आपण हाका घालतोय हे माहीत नसतं.

मचाणाबद्दल: झाडाला खिळे किंवा स्क्रू मारायला गेम लँड्सवर बंदी आहे. पट्ट्याने बांधायचं, झाडाला इजा न करणारं मचाण चालतं. ते पहिल्या धनुष्यबाण हंगामाच्या दोन आठवडे आधीपासून शेवटच्या फ्लिंटलॉक (चकमकीने पेटणाऱ्या मझललोडरच्या) हंगामानंतर दोन आठवड्यांपर्यंतच ठेवता येतं. त्यावर तुमचं नाव-पत्ता किंवा ग्राहक क्रमांक लावावाच लागतो. आणि मचाण ठेवलं म्हणजे जागा तुमची होत नाही. पहाटे तिथे दुसरं कोणी बसलेलं दिसलं तर नमस्कार करून पुढे जा. म्हणूनच तीन जागा ठरवून ठेवा.

तपासा: प्रत्येक जागेसाठी लिहून ठेवा: कुठल्या दिशेचा वारा असताना इथे बसायचं, कुठून यायचं, कुठल्या दिशेला गोळी झाडायची नाही.

टप्पा ४: बंदूक आणि सामान

रायफलचा नेम, म्हणजे झिरो, हंगामाच्या निदान तीन आठवडे आधी १०० यार्डांवर लावा. जी काडतुसं शिकारीला नेणार तीच वापरा. त्याच मापाच्या दुसऱ्या कंपनीच्या काडतुसाने गोळी इंच-दोन इंच सहज हलते. गेम कमिशनच्या शूटिंग रेंज परवानाधारकांना खुल्या असतात. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे रांगा लागतात.

टेबलावर रायफल टेकवून तीन गोळ्या एका वाटीएवढ्या जागेत बसल्या, की टेबल सोडा. गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, जाड हातमोजे घालून पाच-पाच गोळ्या झाडा. यात जेवढ्या अंतरावर पाचही गोळ्या जेवणाच्या ताटलीत बसतात, तेवढं तुमचं अंतर. माझं पहिल्या वर्षी ७० यार्ड होतं आणि मी तेवढंच पाळलं.

केशरी रंग: बंदुकीच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून निदान २५० चौरस इंच फ्लोरोसंट केशरी, चारही बाजूंनी दिसणारा. व्हेस्ट आणि टोपी मिळून पुरतं. बसल्यावरही अंगावर हवा. व्हेस्टवर काळी बॅग चढवली की पाठीचा रंग झाकला जातो, ही नेहमीची चूक आहे. १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबरच्या दरम्यान गेम लँड्सवर नुसतं फिरायला येणाऱ्यांनाही केशरी घालावं लागतं. पाहणीला बायको-मुलं सोबत असतील तर त्यांच्यासाठीही घ्या.

सावधान: पांढरा रुमाल खिशात ठेवू नका. नाक पुसायला तुम्ही तो बाहेर काढला की दुसऱ्या शिकाऱ्याला झुडपांतून पळत्या हरणाची पांढरी शेपटी दिसते. पांढरा, तपकिरी, लाल हे रंग त्या दिवशी अंगावर नकोतच.

कपड्यांत सुती काही नको. चढून घाम येतो, मग चार तास हलायचं नसतं, आणि ओली बनियन अंग गोठवते. आत लोकरीचं किंवा सिंथेटिक घाला. वरचं जाड जाकीट चढताना बॅगेत ठेवा आणि जागेवर पोचल्यावर घाला. खाण्यात चिप्सची पाकिटं नकोत. शांत जंगलात त्यांचा चुरचुराट दूरवर जातो. मी दशम्या आणि तिळाची वडी सुती फडक्यात बांधून नेतो. थंडीत त्या कडक होत नाहीत.

बॅगेत: दोन हेडलॅम्प, कागदी नकाशा आणि होकायंत्र (डोंगरांमध्ये फोन मरतो), छोटी धारदार सुरी, रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्या, २० फूट दोरी, खुणेची केशरी फीत, टॅग-पेनची पिशवी, शिट्टी. मचाणावर चढणार असाल तर पूर्ण अंगाचा हार्नेस (पडू नये म्हणून झाडाला अडकवायचे पट्टे). तो नसेल तर मचाण गाडीतच ठेवा आणि झाडाला पाठ टेकून जमिनीवर बसा. यात काही कमी होत नाही.

टप्पा ५: तो दिवस

कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. डिसेंबरच्या सुरुवातीला पूर्व पेनसिल्व्हेनियात सूर्य साधारण सातला उगवतो आणि साडेचारनंतर लगेच मावळतो. तुमच्या काउंटीची मिनिटं पुस्तिकेतल्या तक्त्यातून लिहून घ्या.

जागेवर कायदेशीर वेळेच्या एक तास आधी पोचा. गाडी पार्किंगच्या जागेतच लावा. फाटकासमोर लावू नका, गेमवॉर्डनची (शिकारीचे नियम पाहणाऱ्या अधिकाऱ्याची) आणि रुग्णवाहिकेची वाट तीच असते. गाडीत किंवा गाडीला टेकवून ठेवलेल्या बंदुकीत काडतूस असणं गुन्हा आहे. अंधारात चालतानाही बंदूक रिकामी ठेवा आणि हेडलॅम्प चालू ठेवा. प्रकाशाने हरीण बिथरेल म्हणून दिवा बंद करून चालणारे असतात, पण माणूस म्हणून ओळखू येणं त्या वेळी जास्त गरजेचं आहे.

मचाणावर आधी हार्नेस अडकवून चढा. नंतर रिकामी बंदूक दोरीने वर ओढा, नळी जमिनीकडे. मग भरा. उतरताना हाच क्रम उलटा.

वारा तोंडावर किंवा गालावर हवा. डोंगरात त्याला आणखी एक सवय आहे: सकाळी ऊन चढलं की हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी थंड झाली की खाली उतरते. म्हणून सकाळी हरणाच्या वाटेच्या वरच्या अंगाला बसा, संध्याकाळी खालच्या.

आणि बसून राहा. दहा वाजता थंडीने कंटाळून लोक गाडीकडे परततात, अकराला चहा-सँडविच होतं, एक-दीडला पुन्हा निघतात. या जाण्या-येण्याने हरणं उठतात. सरकारी जमिनीवर दहा ते दोन हा वेळ मला पहाटेपेक्षा जास्त फळला आहे. सगळ्यांत जास्त संधी घालवणारी चूक म्हणजे त्या वेळी गाडीत असणं.

टप्पा ६: गोळी झाडण्याआधी

दुर्बिणीने बघायचं. बंदुकीवरच्या स्कोपने आधी ओळखायचं नाही, कारण स्कोप ज्याच्याकडे वळला त्याच्याकडे नळीही वळली. कदाचित तो माणूस असेल.

नर असेल तर टोकं मोजा. राज्याच्या बहुतेक भागात प्रौढ शिकाऱ्यासाठी एका बाजूच्या शिंगाला निदान ३ टोकं लागतात. पश्चिमेकडच्या काही युनिटांत भुवईजवळचं टोक न धरता ३. टोक म्हणजे निदान एक इंच लांब. मोजता आली नाहीत, तर गोळी नाही.

मग मागे काय आहे ते बघा. डोंगराच्या कडेवर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं हरीण कितीही मोठं असो, सोडून द्यायचं. रायफलची गोळी मैलाच्या पुढे जाते आणि त्या पलीकडे काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. रस्त्याच्या वापरातल्या भागापासून २५ यार्डांच्या आत गोळी झाडता येत नाही.

हरीण पूर्ण आडवं किंवा तोंड थोडं पलीकडे वळवून उभं हवं. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरा. तिथे फुप्फुसं आणि हृदय असतं. समोरून येणारं, पळणारं किंवा पाठमोरं हरीण नको. चाप दाबल्यावर लगेच दुसरं काडतूस चढवा आणि हरीण शेवटचं कुठे दिसलं त्या झाडावरून नजर हलवू नका.

टप्पा ७: गोळीनंतर थांबा

जी हरणं हरवतात ती बहुतेक याच टप्प्यात हरवतात. गोळी लागलेलं हरीण कळपातून शंभर यार्डांवर जाऊन आडवं होतं. कोणी मागे आलं नाही तर तिथेच मरतं. तुम्ही पाच मिनिटांत धावत गेलात तर ते भीतीने उठतं आणि डोंगर ओलांडून जातं. मग ते कोल्हे खातात आणि तुम्ही रात्रभर जागे राहता. मी एकदा असं हरीण घालवलं आहे. त्या हरणाचं मरण लांबलं ते माझ्या घाईमुळे, आणि ते मला अजून टोचतं.

१. जागेवरूनच घड्याळ बघा. अर्धा तास हलायचं नाही.

२. गोळी लागली तिथे जा. केशरी फीत बांधा. रक्त आणि केस बघा.

३. रक्त गुलाबी, फेसाळ: फुप्फुस. अर्धा तास झाला असेल तर पुढे चला. गडद, काळपट लाल: यकृत. तीन-चार तास थांबा. हिरवट, पाचोळ्याचे कण, वास: पोट. सहा ते आठ तास थांबा, थंडी असेल तर रात्रभर.

४. मागाच्या कडेने चाला, मागावर पाय देऊ नका. दर शेवटच्या थेंबाला फीत. मागे वळून फितींची ओळ पाहिली की हरीण कुठल्या दिशेला जातंय ते दिसतं.

५. माग सुटला तर दोरीला बांधलेल्या, माग काढणाऱ्या कुत्र्याची मदत घेता येते. पेनसिल्व्हेनियात ती कायदेशीर आहे. आदल्या दिवशीच अशा माणसाचा नंबर फोनमध्ये ठेवा.

सावधान: माग जांभळ्या पट्ट्यापाशी किंवा सेफ्टी झोनपाशी पोचला तर थांबा आणि मालकाला फोन करा. तो नाही म्हणाला किंवा सापडला नाही, तर गेम कमिशनला कळवा. आत शिरू नका.

टप्पा ८: टॅग, मगच बाकी सगळं

मागून, पाठीच्या बाजूने जवळ जा. लांब काठीने उघड्या डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही तर हरीण मेलं आहे. बंदूक रिकामी करा आणि बाजूला ठेवा.

आता पेन. टॅगवरची माहिती पूर्ण भरून तो लगेच कानाला बांधा. हरीण जागेवरून हलवण्याआधी हे झालंच पाहिजे. दुसऱ्याचा टॅग वापरता येत नाही, "आमच्या चौघांत मिळून चार टॅग आहेत" हा हिशोब इथे नाही. ज्याने मारलं त्याचाच टॅग.

मग पोट साफ करणं. आत उष्णता राहिली की मांस आतून खराब होतं, म्हणून हे लवकर करायचं. हरीण पाठीवर, डोकं चढाकडे. सुरीचं पातं वर, दोन बोटं पात्याखाली ठेवून छातीच्या हाडापासून खाली कातडं आणि पातळ पडदा कापत या. पोट आणि मूत्राशय फुटता कामा नये. शेपटीखाली गुदद्वाराभोवती गोल कापून सोडवा आणि दोरीने बांधा. मग छाती आणि पोटामधला पडदा दोन्ही बाजूंनी कापा, हात आत घालून श्वासनलिका जितकी वर पकडता येईल तितकी वर कापा, आणि सगळं एकत्र मागे ओढा. सगळी आतडी एकाच ओढीत बाहेर येतात. मग हरीण पालथं करून रक्त निथळू द्या. घाईत बोट कापण्याची जागा म्हणजे श्वासनलिका, कारण तिथे सुरी दिसत नाही. तिथे सावकाश.

आतडी पायवाटेवर, ओहळात किंवा पार्किंगजवळ टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथून लोक कुत्री आणि मुलं घेऊन जातात.

टप्पा ९: गाडीपासून फ्रीझरपर्यंत

ओढताना पुढचे पाय आणि डोकं धरा, केसांची दिशा मागे असल्याने हरीण घसरत येतं. त्याच्या अंगावर केशरी कापड बांधा. दोन चाकी गाडा असेल तर कंबर वाचते. गेम लँड्सवर एटीव्ही (खडबडीत वाटेवरची छोटी चारचाकी) चालत नाही.

निघण्याआधी क्रॉनिक वेस्टिंग डिसीजचा नकाशा बघा. हरणांचा मेंदू पोखरणारा हा रोग पेनसिल्व्हेनियात २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला. त्याच्या नियंत्रण क्षेत्रातून डोकं, पाठीचा कणा, प्लीहा असे धोक्याचे भाग बाहेर नेता येत नाहीत, ठरवून दिलेल्या ठिकाणी कापून घेण्यासाठी नेणं सोडून. डोकं तपासणीसाठी टाकायच्या पेट्या त्या भागात ठेवलेल्या असतात आणि तपासणी मोफत असते. निकाल येईपर्यंत मांस वेगळं, तारीख लिहून ठेवा. रोग निघाला तर खाऊ नका.

न्यू जर्सी आणि न्यूयॉर्ककरांनो, तुमच्यासाठी ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे: अख्खं हरीण गाडीवर बांधून डेलावेअर नदी ओलांडायची नाही. हाडं काढलेलं मांस, डोक्याशिवायचं कातडं, मेंदू काढून साफ केलेला कवटीचा तुकडा आणि शिंगं एवढंच न्यायचं. म्हणजे कापणाऱ्याकडे पेनसिल्व्हेनियातच जायचं. त्याला हंगामाआधी फोन करून ठेवा, पहिल्या शनिवारी संध्याकाळी ते लोक हरणं घेणं बंद करतात.

मांस ४ अंश सेल्सियसच्या खाली ठेवा. कूलरमध्ये बर्फ वितळून मांस पाण्यात बुडू देऊ नका, नळी उघडी ठेवा. घरी कापताना पांढरी चरबी सगळी काढा. बोकडाची चरबी रश्शाला चव देते, हरणाची थंड झाल्यावर टाळूला मेणासारखी चिकटते. खांद्याचं मांस कुकरमध्ये सुक्क्यासाठी उत्तम. पाठीच्या कण्यालगतच्या लांब पट्ट्याला मात्र कुकर दाखवू नका.

१० दिवसांच्या आत शिकारीची नोंद करा, ऑनलाइन किंवा फोनवर. टॅग बांधला म्हणजे नोंद झाली असं समजून बरेच जण हे विसरतात. पुढच्या वर्षी कुठल्या युनिटला मादीचे किती टॅग द्यायचे हे ठरवताना हेच आकडे वापरले जातात.

फ्रीझर भरला आणि दुसरा टॅग उरला असेल, तर हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट या पेनसिल्व्हेनियातल्या उपक्रमात हरीण देता येतं. त्यांच्या यादीतल्या कापणाऱ्याकडे नेऊन द्यायचं, तिथून मांस अन्नछत्रांकडे जातं. टॅग कानालाच राहू द्या, कापणारा तो आधी बघतो.